पिल्लू घ्यायच्या आधी सरकारी तपासणीचा रिपोर्ट बघितलाय का कुणी?

स्लेटपाटी | शनिवार, सकाळी ७:५२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबलाय, चहा घेऊन बसा.

आमच्या गुंड्याला (बीगल मिक्स, वय वर्षं आठ, वजन विचारू नका) सोबत पाहिजे म्हणून लेकीनं परत हट्ट धरलाय, आणि मला गुंड्या घरी आला तेव्हाची गोष्ट आठवली. आम्ही पेनसिल्व्हेनियात लीहाय व्हॅलीत राहतो. इथून लँकेस्टरच्या बाजूला गेलं की रस्त्याकडेला हाताने लिहिलेल्या पाट्या दिसतात, 'पप्पीज फॉर सेल, नो संडे सेल्स'. आमिश, म्हणजे जुन्या रीतीने राहणारे इथले ख्रिस्ती लोक, रविवारी धंदा करत नाहीत. तर जानेवारी २०१७ मध्ये आम्ही अशाच एका पाटीवरून आत वळलो. समोरची खोली एकदम लख्ख, लाकडी फरशी, बाईंनी टॉवेलात गुंडाळून पिल्लू आणून माझ्या मांडीवर ठेवलं, आता मांडीवर पिल्लू आलं की माणूस काय विचारणार! नवऱ्याने तरी विचारलं याची आई कुठेय, तर म्हणाल्या ती मागे कोठारात आहे, तिला अनोळखी माणसं आवडत नाहीत. बरं म्हटलं.

ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली अगं थांब, त्यांचा यूएसडीएचा (म्हणजे अमेरिकेच्या शेती खात्याचा) लायसन नंबर घे आणि साइटवर तपासणीचे रिपोर्ट बघ, सगळे असतात, फुकट. पिल्लं देणाऱ्या चारपेक्षा जास्त माद्या असतील आणि दुकानाला किंवा न बघता नेटवरून विकत असाल तर इथे केंद्र सरकारचं लायसन लागतं, आणि इन्स्पेक्टर न सांगता येतो. नंबर घेतला, डायरीत लिहिला. ४ फेब्रुवारीला शनिवारी सकाळी निवांत बसले तर काहीच सापडेना. आधी वाटलं आमचं नेट गेलं, मग वाटलं मीच नंबर चुकीचा टाकतेय. तीनदा टाकला. संध्याकाळी बातमी वाचली की आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी ३ फेब्रुवारीला, एफिस म्हणजे यूएसडीएचं जे प्राण्यांचं खातं आहे त्यांनी सगळेच तपासणी रिपोर्ट साइटवरून काढून टाकलेत. ब्रीडर, झू, सर्कस, प्रयोगशाळा, सगळ्यांचे. कारण दिलं खासगीपणाचं. पाहिजे असतील तर माहितीच्या कायद्याखाली अर्ज करा म्हणे. आता मी एका पिल्लासाठी फेडरल सरकारला अर्ज करून महिनोन्‌महिने वाट बघत बसणार होते का?

घेतलं पिल्लू. तोच हा गुंड्या.

तीन वर्षं ती साइट अर्धवटच होती, सगळे रिपोर्ट काही परत लावले नाहीत. मधे कोर्टकज्जे झाले, शेवटी काँग्रेसने डिसेंबर २०१९ मध्ये बजेटच्या कायद्यातच कलम घातलं की हे रिपोर्ट ६० दिवसांत परत लावा, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते परत आले. मी डायरी काढून तो नंबर टाकला. दोन कागद महत्त्वाचे निघाले. एकावर २.४० खाली, म्हणजे डॉक्टरी देखभाल, एका मादीचे दात करड्या-तपकिरी थराने झाकलेत आणि हिरड्या मागे सरकल्यात असं लिहिलेलं, आणि ३.११ खाली, म्हणजे स्वच्छता, की पिंजऱ्याच्या कडांना केस आणि काळा मळ साचलाय. समोर 'अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा'. दुसऱ्या कागदावर एवढंच की इन्स्पेक्टर आला होता, दार उघडायला कुणी मोठं माणूस नव्हतं, तपासणी झाली नाही. याला त्यांच्यात 'अटेम्प्टेड इन्स्पेक्शन' म्हणतात.

पहिल्या कागदावरची तारीख आम्ही टॉवेलातलं पिल्लू मांडीवर घेतलं त्याच्या तीन महिने आधीची होती.

ती तपकिरी दातांची मादी गुंड्याची आई होती का, काय माहीत. आम्हाला आई दाखवलीच नव्हती ना.

तर प्रश्न असा की तुमच्याकडे, म्हणजे भारतात किंवा जिथे असाल तिथे, असे रिपोर्ट असतात का, कुणी बघितलेत का, आणि मागितले तर देतात का?

---

कंदीपेढा | शनिवार, सकाळी ८:३०

ताई आमच्याकडं सातारला कुत्रं विकत घेत नाहीत ओ, ते आपोआप येतं आणि मग जात नाही.

बाकी लेख भारी. टॉवेलातलं पिल्लू ही जगातली सगळ्यात मोठी सेल्समनशिप.

---

बाकरवडीचा बाबा | शनिवार, सकाळी ९:१५

आमच्याकडे व्हर्जिनियातल्या त्या चार हजार बीगलांतली एक आहे. नाव अर्थातच बाकरवडी. कानात आतल्या बाजूला हिरवट शाईचा नंबर गोंदलेला आहे, कान उलटा केला की दिसतो, पाहुण्यांना दाखवायचा आमचा ठरलेला कार्यक्रम. आली तेव्हा जिना म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पहिल्या पायरीशी उभी राहून आमच्याकडे बघायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कंबरलंड, व्हर्जिनिया इथे एन्व्हिगो नावाच्या कंपनीचं बीगल पैदास केंद्र होतं, प्रयोगशाळांना कुत्री पुरवायचं. जुलै २०२१ पासून तिथे एफिसच्या तपासण्यांत ६० च्या वर उल्लंघनं नोंदली गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त 'क्रिटिकल' किंवा 'डायरेक्ट', म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची. दूध पाजणाऱ्या माद्यांना ४२ तास खायला दिलं नव्हतं ही गोष्ट जगाला कळली ती याच रिपोर्टांतून. मग मे २०२२ मध्ये न्याय खात्याने दावा लावला, केंद्र बंद झालं, चार हजारच्या आसपास कुत्री देशभर घरोघरी गेली. २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि सगळं मिळून ३५ मिलियन डॉलरच्या वर भरायचं ठरलं.

पण स्लेटपाटी, एक मेख आहे बघा. रिपोर्ट सगळे दिसत होते, महिनोन्‌महिने दिसत होते, आणि तरी लायसन चालूच होतं! म्हणजे नुसता रिपोर्ट लावून कुत्री सुटली नाहीत. तो वाचून पेपरवाले, वकील, तिथले आमदार बोंबलत राहिले तेव्हा कुठे हललं.

---

पिपेट | शनिवार, सकाळी ११:०२

मी पुण्यात लॅब ॲनिमल क्षेत्रात आहे, त्यामुळे आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय.

पहिली गोष्ट, ज्याखाली या तपासण्या होतात तो अमेरिकेचा ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट सगळ्या प्राण्यांना लागूच नाही. संशोधनासाठी वाढवलेले उंदीर, म्हणजे माइस आणि रॅट दोन्ही, आणि पक्षी २००२ मध्ये व्याख्येतूनच काढलेत. प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त असतात ते हेच. म्हणजे स्लेटपाटींना जो रिपोर्ट दिसतो त्यात उंदीर औषधालाही नसतो (सॉरी, राहवलं नाही). आपल्याकडे १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आहे, त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. आमच्याकडे एक उंदीर वापरायचा तर फॉर्म बी भरून एथिक्स कमिटीपुढे जावं लागतं, आणि त्या कमिटीत केंद्राच्या समितीने नेमलेली बाहेरची माणसं बसतात. ही समिती म्हणजे पूर्वीचं सीपीसीएसईए, आता सीसीएसईए, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी. ते लोक ॲनिमल हाउस बघतात, पिंजरे मोजतात, तापमानाची नोंदवही चाळतात, आणि मला विचाराल तर काही नॉमिनी फार कडक असतात, एकांनी आमच्याकडे भुशाच्या पोत्यावर तारीख नाही म्हणून अर्धा तास उभं केलं होतं.

दुसरी गोष्ट. रिपोर्ट सगळ्यांना खुला करा म्हणणं सोपं आहे. कॅलिफोर्नियात २००७ मध्ये एका संशोधक बाईंच्या घरात खिडकी फोडून बागेचा पाइप सोडला आणि घर पाण्याने भरलं, २००९ मध्ये तिथल्याच दुसऱ्याची गाडी दारात जाळली. हे लोक कागदावरची नावं वाचूनच येतात. आणि वाचणाऱ्याला कळतं का काय वाचतोय? 'पिंजऱ्याला गंज' हे कुत्रं उपाशी ठेवण्याइतकंच भयंकर दिसतं फेसबुकवर टाकलं की.

---

स्लेटपाटी | शनिवार, दुपारी ४:४०

पिपेट, शिव्या नाहीत, उलट थँक्यू, उंदरांचं मला खरंच माहीत नव्हतं.

नावांचं म्हणाल तर मान्य. पण नावं खोडून रिपोर्ट लावता येतोच की. २०१७ मध्ये त्यांनी नावं नाही खोडली, कपाटच उचलून नेलं. आणि मग अर्ज केला तर काय मिळायचं? हे रिपोर्ट का काढले याची कागदपत्रं मागायला नॅशनल जिऑग्राफिकने अर्ज केला होता, त्यांना १,७७१ पानं आली आणि सगळी काळी! सगळीच्या सगळी. एवढा टोनर जाळण्यापेक्षा 'देत नाही' म्हणायचं ना सरळ.

आणि एक गंमत म्हणा, योगायोग म्हणा, हा कायदा झाला तोच आमच्या इथल्या एका कुत्रीमुळे. आमच्यापासून अर्ध्या तासावर स्लेटिंग्टन नावाचं छोटं गाव आहे (माझी आयडी तिथूनच आलीय, पूर्वी पाटीचा दगड निघायचा तिथे). १९६५ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका शेतावरून पेपर नावाची डाल्मेशियन नाहीशी झाली. घरचे शोधत शोधत एका कुत्र्यांच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचले, त्याने आत घेतलं नाही, न्यूयॉर्कचे खासदार जोसेफ रेस्निक मध्ये पडले तर त्यांनाही नाही म्हणाला. तोवर ती ब्रॉन्क्समधल्या हॉस्पिटलात प्रयोगात मेलेली होती. रेस्निकने त्याच जुलैत बिल आणलं, पुढच्या फेब्रुवारीत लाइफ मासिकाने मेरीलँडमधल्या एका व्यापाऱ्याच्या आवारातले फोटो छापले, लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि ऑगस्ट १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने सही केली.

म्हणजे बघा, मूळ भांडण हेच होतं की दार बंद आहे आणि आत काय चाललंय ते बघू देत नाहीत. म्हणून सरकारने आपला माणूस आत पाठवला. आणि पन्नास वर्षांनी सरकारच म्हणतं आमचा माणूस आत जाऊन आला, पण काय बघितलं ते तुम्हाला सांगणार नाही. मग त्या व्यापाऱ्यात आणि यांच्यात फरक काय राहिला?

@बाकरवडीचा बाबा, तुमची मेख पटली. पण बोंबलायला तरी कागद लागतोच ना. बाकरवडीला आमच्याकडून एक बिस्कीट. कानाचा फोटो टाका.

---

जनावरांचा डॉक्टर (नि.) | शनिवार, रात्री ९:२०

नमस्कार. पशुधन विकास अधिकारी म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, आता नातवंडं आणि गुडघे सांभाळतो. मुलाने हा धागा दाखवला म्हणून खातं उघडून लिहितोय, टायपिंग सांभाळून घ्या.

तपासणी करणारा काय लिहितो हे तो कागद कोण वाचणार यावर ठरतं. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. आमच्याकडे तपासणी म्हणजे आधी फोन. फोन झाला की चुना मारलेला असतो, फिनेलचा वास गेटपर्यंत येतो. मग खुर्ची, पंखा, चहा, आणि शेरेबुक पुढे येतं. शेरेबुकात तुमच्या आधीच्या साहेबाने लिहिलेलं असतं 'आज रोजी भेट दिली, जनावरांची स्थिती समाधानकारक'. त्याच्या आधीच्याने पण तेच. तुम्ही काही वेगळं लिहिलं तर पहिला प्रश्न विचारतात तो तुम्हालाच, की साहेब मग आधीच्यांनी खोटं लिहिलं का? आणि वर पाठवलं तरी वरती जो वाचणार तो त्या आधीच्यांपैकीच एक असतो. म्हणून माणूस पेन उचलतो आणि 'समाधानकारक' लिहून टाकतो. मी पण लिहिलंय. खोटं कशाला बोलू.

एकदा मात्र एका ठिकाणी (ठिकाण सांगत नाही) पाण्याच्या हौदात बोट घातलं तर शेवाळाचा पूर्ण थर बोटाला गुंडाळून वर आला, तसं लिहिलं. 'हौदात हिरवा थर, पाणी बदलल्याचं दिसत नाही, १४ जनावरांना एकच हौद.' एवढंच. दुसऱ्या भेटीला हौद घासलेला. मला तेव्हा कळलं की 'असमाधानकारक' लिहिण्यापेक्षा जे दिसलं ते लिहावं, त्याला कुणी अंगावर येत नाही. समाधानकारक हे मत झालं, शेवाळ हे शेवाळ असतं.

तर ताई, तुमच्या त्या अमेरिकन रिपोर्टात 'करड्या-तपकिरी थर' लिहिलंय ना, ते वाचून बरं वाटलं. त्या माणसाने वाकून तोंड उघडून बघितलंय.

दंडाबद्दल कुणी विचारायच्या आधीच सांगतो. १९६० च्या कायद्यात कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० रुपये ते ५० रुपये. आजही. आमच्या त्या चहाचे जास्त झाले असते.

---

कंदीपेढा | शनिवार, रात्री ९:४१

काका दंडवत. 'शेवाळ हे शेवाळ असतं' हे मी ऑफिसात भिंतीवर लावणार आहे, आमच्याकडं ऑडिटवाले येतात.

---

थेम्सकाठी | शनिवार, रात्री ११:०५

इंग्लंडात २०१८ पासून ब्रीडर, बोर्डिंगवाले, पेट शॉप यांना कौन्सिल लायसन देताना एक ते पाच स्टार देतं, हॉटेलच्या स्वच्छतेसारखं, आणि ते लायसनवर असतं. जास्त स्टार असतील तर लायसन जास्त मुदतीचं. मांजराला बोर्डिंगमध्ये ठेवताना मी तेच बघते. पण खरं सांगू, स्टार दिसले की मी पुढे वाचतच नाही. वर काकांनी लिहिलं तसं, स्टार हे पण मतच झालं.

कत्तलखान्यात पण २०१८ पासून सीसीटीव्ही सक्तीचा आहे, ९० दिवस फुटेज ठेवायचं, पण ते सरकारी व्हेटला बघायला मिळतं, तुम्हाआम्हाला नाही.

---

अर्जदार_४४०० | रविवार, सकाळी ६:५८

आता माझा विषय आला. नागपूरचा आहे, माहिती अधिकाराचे अर्ज हा माझा छंद आहे, बायको याला व्यसन म्हणते.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही बाप्पा. कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम २०१७ चे, पेट शॉपचे २०१८ चे, दोन्हींत राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि तपासणी आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हेही त्यातच. आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तर अशा गोष्टी कुणी मागायच्या आधीच ऑफिसने आपणहून जाहीर करायला पाहिजेत. जाहीर म्हणजे काय, तर ऑफिसच्या बाहेर काचेच्या पेटीत १७ मुद्द्यांचं एक पिवळं पडलेलं बाड लटकवलेलं असतं, त्यात मागच्याच्या मागच्या साहेबाचं नाव.

मी मागच्या वर्षी एका जिल्ह्याच्या ऑफिसात (जिल्हा राहू द्या) अर्ज टाकला. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि आपल्या महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, त्यामुळे मोजून मापून लिहिलं: 'जिल्ह्यातील नोंदणीकृत पेट शॉपच्या तपासणी अहवालांच्या प्रती द्याव्यात.' २९ व्या दिवशी उत्तर, तिसाव्याच्या आत बरोबर. 'सदर माहिती त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे.' दुकानाच्या तपासणीचा कागद वैयक्तिक! पोपटाचा खासगीपणा!

आणि हसू नका, हे वाढणार आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने या (ञ) ची शेपटीच छाटलीय. आधी त्यात होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खासगी आयुष्यात घुसणारी माहिती नाकारा, आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच. जनहिताचं कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते वापरायचं की नाही हे त्याच साहेबाच्या हातात.

स्लेटपाटी ताई, तुमच्याकडे २०१७ मध्ये 'खासगीपणा' म्हटलं, आमच्याकडेही खासगीपणाच.

---

जनावरांचा डॉक्टर (नि.) | रविवार, सकाळी ८:१०

अर्जदारसाहेब, प्रथम अपील केलंत का? आणि एक सल्ला, आतला माणूस म्हणून. प्रती मागू नका. 'अभिलेखाचं निरीक्षण करायचं आहे' असं लिहा. कलम २(ञ), तोही तुमचा हक्कच आहे. प्रत द्यायची म्हटलं की बाबू घाबरतो, सही शिक्का मारून द्यावं लागतं ना. समोर बसून फाइल बघा म्हटलं की तो म्हणतो बघा बाबा आणि जा. आणि 'का केलं नाही' असं कधीच विचारू नका, 'का' ही माहिती नाही म्हणून पहिल्याच ओळीत परत येतं.

---

अर्जदार_४४०० | रविवार, सकाळी ८:३२

डॉक्टरसाहेब अपील टाकलंय, सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. निरीक्षणाचं तिथेच मागतो. तुम्ही आधी कुठे होतात!

---

कंदीपेढा | रविवार, दुपारी १२:१५

आता मी पण सिरियस लिहितो. आमच्या गावात बैलगाडा शर्यत होती. २०२३ च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याचा कायदा उचलून धरल्यापासून सगळं रीतसर. कलेक्टरची परवानगी, ५० हजार डिपॉझिट, डॉक्टरचा दाखला, आणि शर्यतीचं शूटिंग करून ऑफिसला जमा करायचं. दोन वर्षं मी स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन गेलोय. पहिल्या वर्षी क्लार्कने पेन ड्राइव्ह पाकिटात घालून पाकीट फाइलला टाचणीने लावलं. दुसऱ्या वर्षी गेलो तर आमचंच पहिलं पाकीट तिथंच, टाचणीला गंज. उघडलेलंच नव्हतं. आम्ही काही लपवलं नव्हतं हो, आमचे बैल पोरांपेक्षा लाडाचे, पण ज्याने खिळे टोचले असतील त्याचं पण पाकीट असंच टाचलेलं असणार ना?

---

आडनावात काय आहे | रविवार, दुपारी १२:४०

झालं, आता बैल की संस्कृती, कोंबडी आधी की अंडं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

संपादक मंडळ | रविवार, दुपारी १:३०

शर्यत असावी की नसावी यावर आधीच चार धागे आहेत, तिकडे भांडा. इथे तपासणी आणि तिची कागदपत्रं एवढंच. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

पिपेट | रविवार, रात्री १०:२५

काल लिहिल्यापासून डोक्यात तेच चाललंय. आज ॲनिमल हाउसला रविवारची ड्यूटी होती (उंदरांना रविवार नसतो), तिथे कपाटात आमचे मागचे तपासणी अहवाल होते, सगळे काढून वाचले. पहिल्यांदाच. इतकी वर्षं काम करतेय आणि कधी वाचले नव्हते, कारण ते येतात, फाइलला लागतात, पूर्तता अहवाल जातो, संपलं.

त्यात भुशाच्या पोत्याची ती नोंद आहे. आणि त्याच्या आधीच्या वर्षीही आहे. आणि त्याच्याही आधी. तीन वर्षं तीच ओळ, आणि तिन्ही वर्षं आमचं उत्तर 'पूर्तता करण्यात आली'. त्या नॉमिनीबाईंनी अर्धा तास का उभं केलं होतं ते आज कळलं.

लोकांची नावं, पत्ते जाऊ नयेत यावर मी ठाम आहे. गाडी जाळणाऱ्याला मी माझ्या घराचा नकाशा देणार नाही. पण हे अहवाल संस्थेच्या नावासकट बाहेर दिसत असते तर ती ओळ तीनदा आली असती का, याला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे झूचं तरी बरं आहे, सेंट्रल झू अथॉरिटी दरवर्षी कुठल्या झूमध्ये किती प्राणी, किती जन्मले, किती मेले याची यादी साइटवर टाकते. कात्रजची काढून बघा, वाचण्यासारखी आहे. लॅबचं असं काही सर्वांसाठी नाही.

अवांतर: उद्या पोत्यांवर तारखा टाकायला मार्कर घेऊन जाणार आहे.

---

बाकरवडीचा बाबा | रविवार, रात्री १०:५०

पिपेट, हे लिहायला धाडस लागतं. बाकरवडीतर्फे शेपटी हलवून अनुमोदन.

बादवे अमेरिकेतही सगळं रिपोर्टात येतंच असं नाही. मधे काही वर्षं एफिसने 'टीचेबल मोमेंट' नावाचा प्रकार काढला होता, इन्स्पेक्टरला बारीक चूक दिसली तर रिपोर्टात न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून समजावून सांगायचं. म्हणजे साइटवरचा रिपोर्ट कोरा करकरीत. डॉक्टरकाकांच्या शेरेबुकाचा अमेरिकन चुलतभाऊ.

---

स्लेटपाटी | सोमवार, सकाळी ७:१०

मला वाटलं होतं चार प्रतिसाद येतील, त्यातले दोन 'कुत्रं विकत घेऊ नका, दत्तक घ्या' असे. (ते वि.पू.त, म्हणजे खासगी निरोपात आलेत. आठ.)

काल लेकीला घेऊन बसले आणि दोघींनी मिळून पाच ब्रीडरचे रिपोर्ट वाचले. आमच्या राज्याच्या केनेल तपासण्याही वेगळ्या दिसतात ऑनलाइन, त्याही काढल्या. ती १२ वर्षांची आहे. तिने विचारलं, मॉम हे 'नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी अधिक सहा इंच, त्याचा वर्ग' काय आहे. म्हटलं एका कुत्र्याला कायद्याने कमीत कमी किती जागा द्यायची त्याचं गणित. तिने टेप आणली आणि गुंड्याला मोजलं. मग जमिनीवर मास्किंग टेपने चौकोन आखला. गुंड्या त्यात जाऊन बसला, त्याला वाटलं खेळ आहे. आणि हे नियम पाळल्यावरचं हं, म्हणजे 'नो नॉन-कम्प्लायंट आयटम्स' असा रिपोर्ट ज्याचा येतो त्याच्याकडची जागा.

तिने तो चौकोन अजून काढू दिला नाहीये. जेवणाच्या टेबलाच्या बाजूलाच आहे, मी ओलांडून जाते.

---

अर्जदार_४४०० | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ७:४५

सुनावणी झाली. अपिलीय अधिकारी बाई होत्या, त्यांनी दोन मिनिटांत विचारलं 'दुकान वैयक्तिक कसं?' आणि निरीक्षणाची परवानगी दिली. आजच बसलो. डॉक्टरसाहेब, तुमच्या पाया पडतो.

एक फाइल. लाल दोरी. नऊ दुकानं, नऊ अहवाल. छापील नमुना, खाली हाताने शेरा. नऊच्या नऊ ठिकाणी 'समाधानकारक', एकाच अक्षरात, एकाच शाईत, आणि तारीख पण एकच. एका दिवशी नऊ दुकानं, त्यातली दोन एकमेकांपासून ६० किलोमीटरवर. पण शेवटच्या कागदावर नमुन्याच्या बाहेर, समासात, पेन्सिलीने कुणीतरी बारीक लिहिलंय: 'लव्हबर्डचे पिंजरे एकावर एक, खालच्यात विष्ठा पडते.' सही नाही. अक्षर वेगळं.

कोण असेल तो? सोबतचा शिपाई? शिकाऊ डॉक्टर?

---

जनावरांचा डॉक्टर (नि.) | शुक्रवार, रात्री ८:०२

ड्रेसर असेल, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा मलमपट्टीवाला. आमच्याकडे ड्रेसरच खाली वाकून बघतो.

त्या समासासकट झेरॉक्स घ्या. समास कापू देऊ नका.

---

अर्जदार_४४०० | शुक्रवार, रात्री ८:०६

घेतली. नऊ पानं, अठरा रुपये. झेरॉक्सवाल्याने कागद सरकवून लावला होता, पेन्सिल आलीच नव्हती. परत काढायला लावली, गडद करून. वीस रुपये झाले.